कोआलांच्या शेतावरून सुचलेला प्रश्न: मार्डीजवळच्या माळावर संशोधन आणि निसर्गपर्यटन एकत्र जमेल का?

माळावरचे_घर

नमस्कार मंडळी,

उत्तर सोलापूर तालुक्यात मार्डीच्या पलीकडे आमच्या एकत्र कुटुंबाची २२ एकर जमीन आहे. त्यातल्या ९ एकरांत विहिरीच्या पाण्यावर कांदा, तूर आणि रब्बीची ज्वारी निघते; उरलेले १३ एकर मुरमाड माळ आहे. आजोबांनी तो कधी नांगरला नाही, कारण घरच्या जनावरांना वर्षभर पुरेल इतके गवत त्यावरून कापून आणता येत असे, आणि वडिलांनी नांगरला नाही तो आजोबांच्या शब्दाखातर. आता गोठ्यात दोनच गाई राहिल्या आहेत. गवताची पूर्वीइतकी गरज उरलेली नाही, आणि गेल्या दिवाळीपासून सौर ऊर्जेच्या एका कंपनीची माणसे हा माळ भाडेपट्ट्याने मागण्यासाठी घरी येत आहेत. धाकट्या भावाचे म्हणणे असे की, पडीक जमिनीचे पैसे मिळत असतील तर नाही कशाला म्हणायचे. मला मात्र त्या जमिनीला पडीक म्हणवत नाही. पहाटे तिथे काळविटांचा कळप चरत असतो, पावसाळ्याच्या तोंडाशी धाविक पक्षी उघड्या मुरमावर अंडी घालतो, हिवाळ्यात भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांना लागून तरंगत जातात, आणि वर्षातून चार-सहा वेळा तरी लांडग्यांची जोडी आमच्या बांधावरून वन विभागाच्या कुरणाकडे जाताना दिसते.

माझी मुलगी सोलापुरात प्राणिशास्त्र शिकते. तिने मला ऑस्ट्रेलियातील कोआलांविषयी बरेच वाचून दाखवले. तिथे गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या खासगी जमिनींवर कोआला राहतात, संशोधक त्यांच्याकडेच मुक्काम करून अभ्यास करतात, आणि पैसे देऊन येणारे पाहुणे नुसते पाहून न जाता झाडे मोजणे, लेंड्या शोधणे, रोपे लावणे अशा कामांना हात लावतात. शेतकऱ्याला झाडे राखण्याचे कारण मिळते आणि संशोधकाला तीच जागा वर्षानुवर्षे अभ्यासता येते. हे ऐकल्यापासून आमच्या १३ एकरांवर असे काही करता येईल का, हा विचार डोक्यातून जात नाही.

मन कचरते त्याचे कारणही सांगतो. दोन हिवाळ्यांपूर्वी शेजारच्या वस्तीवर काही छायाचित्रकार उतरले होते. त्यांना लांडग्याचे बीळ पाहायचे होते. ओढ्याच्या काठावरच्या बिळाची जागा मला ठाऊक होती. त्यांनी आदराने विचारले आणि मी दाखवली. दोन दिवस त्यांची गाडी बिळापासून हाकेच्या अंतरावर उभी होती. तिसऱ्या दिवशी तिथे ताजी पावले नव्हती. पिल्लांचे काय झाले हे मला आजही कळलेले नाही, आणि गाडीला वाट दाखवणारा मीच होतो, हे मनातून जात नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. कोआलांसाठी जे जमते ते माळरानासाठी जमेल का? पाहुण्यांना काय दाखवावे आणि काय दाखवू नये? आणि यातून इतके उत्पन्न होईल का, की भावाच्या प्रश्नाला मला उत्तर देता यावे?

ब्रिस्बेनहून_सोलापूरकर

दादा, नमस्कार. माझे बालपण जुळे सोलापुरात गेले आणि गेली ११ वर्षे मी ब्रिस्बेनच्या जवळ राहतो. मी संशोधक नाही. पण दर वर्षी इथल्या एका गुरांच्या शेतावर कोआलांच्या पाहणीसाठी स्वयंसेवक म्हणून जातो, तेव्हा जे पाहिले आणि हाताने केले ते सांगतो.

आधी इथली स्थिती. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी कॅनबेराचा प्रदेश या भागांतील कोआला २०१२ मध्ये 'असुरक्षित' म्हणून नोंदवला गेला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच भागांत त्याला 'संकटग्रस्त' हा अधिक गंभीर दर्जा द्यावा लागला. झाडतोड, रस्त्यावरची वाहने, कुत्र्यांचे हल्ले, क्लॅमिडियाचा संसर्ग आणि २०१९-२० चे भीषण वणवे ही त्याची कारणे. व्हिक्टोरियातील केप ऑटवेसारख्या ठिकाणी मात्र नेमके उलटे घडले: कोआला इतके वाढले की त्यांनी खाऊन खाऊन झाडे बोडकी केली आणि त्यांचीच उपासमार झाली. एकाच प्राण्याच्या बाबतीत, एकाच देशात दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरे लागतात. त्यामुळे आमच्याकडचा नमुना तुमच्या माळावर जसाच्या तसा उतरवण्याचा सल्ला मी देणार नाही.

तरीही त्यातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो, आणि तो म्हणजे कामाची साधी पद्धत. कोआला उंच निलगिरीच्या फांदीत बसलेला असतो आणि डोळ्यांना सहज सापडत नाही, म्हणून आम्ही वर पाहण्याऐवजी आधी खाली पाहतो. मधले एक झाड धरून त्याच्या भोवतालची मिळून ३० झाडे निवडायची, प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटरच्या आत साधारण दोन मिनिटे लेंड्या शोधायच्या, आणि किती झाडांखाली सापडल्या त्यावरून त्या जागेचा वापर किती आहे हे ठरवायचे. ३० पैकी २ झाडांखाली सापडल्या की १४ झाडांखाली, एवढ्यावरूनच बरेच कळते. अलीकडे वास ओळखणारी प्रशिक्षित कुत्री आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचे ड्रोनही वापरतात. पण शाळकरी मुलापासून निवृत्त शिक्षकापर्यंत कोणीही तासाभरात शिकून नीट करू शकेल, अशी हीच पद्धत आहे. पाहुण्याचे हात संशोधनाला लागतात ते अशा कामामुळे.

दुसरे उदाहरण मेलबर्नजवळच्या यू यांग्ज डोंगरांचे. तिथल्या कोआलांच्या नाकपुड्यांभोवतीच्या फिकट-गडद खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, आणि त्या खुणांवरून एकेका कोआलाला ओळखून वर्षानुवर्षे त्याची नोंद ठेवण्याचे काम पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या मार्गदर्शकांनीच सुरू केले. कोणाला पकडणे नाही, पट्टा बांधणे नाही. दुरून काढलेले छायाचित्र पुरते. त्याच डोंगरात दक्षिण आफ्रिकेतून आलेले बोनसीड नावाचे तण माजले आहे, ते उपटण्याचे काम पाहुणे करतात, आणि जवळच्या नदीकाठच्या शेतजमिनींवर शेतकऱ्यांच्या संमतीने कोआलांच्या आवडीची झाडे लावण्यासाठीही लोक स्वखुशीने येतात.

आता मर्यादा. कोआलाचे अन्न निकस आणि पचायला जड, म्हणून तो दिवसातले १८ ते २० तास झोपून शक्ती राखतो. बंदिस्त ठेवलेल्या कोआलांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळ उभ्या माणसांची संख्या आणि त्यांचा आवाज वाढला की कोआला अधिक वेळ सावध राहतात, असे त्यात दिसले. ज्याचे सगळे जगणेच शक्ती वाचवण्यावर चालते, त्याला असे सावध राहायला लावणे स्वस्त पडत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये पर्यटकांनी कोआला हातात घेण्यास बंदी आहे. क्वीन्सलँडमध्ये कायद्याने परवानगी असूनही, १९२७ मध्ये सुरू झालेल्या लोन पाइन या ब्रिस्बेनमधल्या जुन्या अभयारण्याने २०२४ मध्ये ही प्रथा स्वतःहून थांबवली. ज्या एका गोष्टीसाठी लोक जगभरातून येत, तीच त्यांनी बंद केली. तुमच्या ओढ्यावरच्या बिळाची हकिकत वाचताना मला हेच आठवले.

आणखी एक, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोआलाचे रक्षण म्हणजे झाड लावणे. तुमच्या माळाचे रक्षण म्हणजे बहुतेक वेळा झाड न लावणे. येणारा पाहुणा हौसेने रोप घेऊन येईल; त्याला प्रेमाने नाही म्हणण्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा.

नान्नज_निवृत्त

वरच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्याला माझ्या नोकरीतला अनुभव जोडतो. मी नान्नज, मार्डी, गंगेवाडी या भागांतील कुरणांवर उमेदीची वर्षे काढली.

१९७० च्या दशकात दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून इथे कुंपण घातलेली कुरणे तयार झाली, १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले, आणि १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी नान्नजला राहून माळढोकाचा अभ्यास केला. त्यापुढच्या काळात लांडग्यांना रेडिओ कॉलर (माग काढण्यासाठी गळ्यात बांधायचा पट्टा) लावून संशोधन झाले. म्हणजे दादा, आपल्या माळाला संशोधन नवे नाही. कमी पडले ते शेजारच्या शेतकऱ्याला त्यात काही स्थान देणे. अभयारण्याची हद्द सुरुवातीला सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होती. तिच्यात गावे, बागायती शेते, रस्ते असे सगळेच आले. लोकांना स्वतःच्या जमिनीचे व्यवहार करणे अवघड झाले, आणि ज्या पक्ष्याला गावाने कधी दगडही मारला नव्हता त्याचे नाव काढले की माणसे चिडू लागली. पुढे ती हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आली, पण तोवर मनातली अढी पक्की झाली होती. आज देशभरात मोकळ्या माळावर माळढोक दीडशेच्या आसपासच उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. वर्षाला बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालणारा हा पक्षी आहे. तो आपल्याकडून का गेला याची कारणे अनेक आहेत, परंतु लोकांची साथ सुटणे हे त्यांतले एक आहे असे माझे प्रामाणिक मत आहे.

झाडांविषयी. कुरणांत गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली तेव्हा आम्हाला हिरवळ वाढल्याचा आनंद होता. माळढोकाला, धाविकाला, काळविटाला दूरवर नजर पोहोचणारी मोकळी जागा लागते. दाट झाडी त्यांच्यासाठी लांडग्याला आणि कुत्र्याला लपण्याची जागा ठरते. मी स्वतः त्यातली रोपे लावली आहेत, म्हणून हे अधिक कळकळीने लिहितो. तुमच्या माळावर हिवर, बोर, एखादी बाभूळ आणि तरवडाची झुडपे आपापली उगवली असतील, ती तेवढी पुरे. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते टिकली तर बाकीचे येते.

आता बिळाविषयी स्पष्ट सांगतो, कारण तुमच्या मनाला ते लागले आहे. आपल्याकडच्या लांडग्याची पिल्ले साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास जन्मतात. पर्यटकांचा हंगामही नेमका नोव्हेंबर ते फेब्रुवारी असतो. लांडगीण पिल्लांना तोंडात धरून एका बिळातून दुसऱ्या बिळात हलवते, आणि माणसाचा वावर वाढला की हलवतेच. तेव्हा तुमच्या ओढ्यावरची पिल्ले मेलीच असतील असे समजू नका. त्यांना दुसरीकडे नेले असण्याची शक्यता पुष्कळ आहे. पण प्रत्येक वेळी हलवताना कुत्र्यांची, थंडीची आणि रस्त्याची जोखीम असते. म्हणून नियम एकच ठेवा: बिळाची जागा कोणालाही दाखवायची नाही, पाहुण्याला नाही, ओळखीच्या छायाचित्रकाराला नाही, आणि मोबाइलवरून कोणाला ठिकाण पाठवायचे तर मुळीच नाही.

दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. माळावर एक उथळ पाणवठा करून त्यापासून पन्नास-साठ पावलांवर कुडाचा आडोसा बांधा. पखुर्ड्या सकाळी ऊन थोडे वर आले की थव्याने पाण्यावर येतात, आणि आडोशात गप्प बसलेल्या माणसाला त्या हाताच्या बोटांवर मोजता येतात. हिवाळ्यात संध्याकाळी भोवत्या गवतात मुक्कामाला उतरतात, तेव्हा सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी एका जागी बसून त्यांची संख्या टिपता येते. काळविटाच्या नरांची आपापली ठरलेली जागा असते. ही तिन्ही दृश्ये दुरून पाहता येतात, तिन्हींची मोजणी होते, आणि कोणाच्या पिल्लाला त्रास होत नाही. रात्री झोताचे दिवे घेऊन माळावर गाडी फिरवणे मात्र कोणी कितीही पैसे दिले तरी मान्य करू नका.

खांडवाला

मी मेंढपाळाच्या घरातला आहे आणि सध्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचे खांड, म्हणजे मेंढ्यांचा कळप, दिवाळीनंतर याच भागात उतरते. वरची सर्व चर्चा चांगली आहे, पण लांडग्यासोबत जे रोज राहतात त्यांचा उल्लेख त्यात आला नाही, म्हणून लिहितो.

लांडगा आमचे कोकरू नेतो. माझ्या आजीच्या तोंडी त्याच्याविषयी शिवी असते आणि त्याच वाक्यात, तो नसेल तर माळ सुना होईल, असेही ती म्हणते. नुकसानभरपाई मिळते हे खरे आहे. मात्र त्यासाठी लगेच खबर द्यावी लागते, पंचनामा व्हावा लागतो, आणि खांड तर दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला हललेले असते. मेलेल्या कोकराजवळ बसून राहावे की दोनशे मेंढ्यांना पाण्यावर न्यावे, हा प्रश्न माझ्या वडिलांपुढे अनेकदा आला आहे. काका, तुम्ही जर पाहुण्यांकडून पैसे घेणार असाल, तर त्यातला थोडा वाटा गावातल्या आणि बाहेरून येणाऱ्या मेंढपाळांना या पंचनाम्याच्या धावपळीत मदत करण्यासाठी बाजूला ठेवावा, अशी माझी विनंती आहे. लांडगा पाहायला येणाऱ्याने कोकराच्या किमतीतला काही भार उचलावा, हे मला न्याय्य वाटते.

दुसरी गोष्ट कुत्र्यांची. ब्रिस्बेनच्या दादांनी तिकडे कुत्री कोआलांना मारतात असे लिहिले. इथे ती काळविटाची पाडसे मारतात, आणि लांडग्यांना रेबीज व डिस्टेंपर हे रोग देऊ शकतात. पुणे जिल्ह्यात तर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे. गावाबाहेर टाकलेली मेलेली कोंबडी आणि हॉटेलांचे उरलेले अन्न यांवर ही मोकाट कुत्री वाढतात. म्हणून माळावर पर्यटक आणण्याआधी गावातील कुत्र्यांचे आणि आमच्या खांडाबरोबरच्या कुत्र्यांचेही लसीकरण व्हावे, आणि पाहुण्यांच्या जेवणाचे खरकटे उघड्यावर पडणार नाही याची व्यवस्था व्हावी. हा खर्च मोठा नाही आणि त्याने लांडग्याचे, मेंढीचे आणि माणसाचे, तिघांचेही रक्षण होते.

तिसरे, माळ कुंपण घालून पूर्ण बंद करू नये. चराई अजिबात थांबली की जुने गवत आडवे पडून कुजते आणि नवे फूट धरत नाही, असे आमची म्हातारी माणसे सांगतात. अति चराईने माळ उजाड होतो हेही तितकेच खरे. निम्मा माळ एका वर्षी राखावा आणि निम्मा ठरावीक दिवस चरायला द्यावा, मग दोन्हींकडे काय येते ते मोजून पाहावे. हे संशोधन तर तुमच्या मुलीलाही करता येईल.

माळावरचे_घर

सर्वांचे मनापासून आभार. नान्नजच्या काकांनी पिल्लांविषयी लिहिलेले मी घरात दोनदा वाचून दाखवले. खांडवाला यांची निम्म्या माळाची सूचना मुलीला इतकी पटली की तिने लगेच वहीत माळाचा नकाशा काढला. पैशाच्या आणि परवानगीच्या बाजूने कोणी लिहू शकेल का? भाऊही आता हा धागा वाचत आहे.

शेतघर_मोहोळ

मोहोळ तालुक्यात आमचे छोटे कृषी पर्यटन केंद्र आहे, त्या अनुभवावरून लिहिते. भाऊही वाचत आहेत असे तुम्ही म्हटले आहे, म्हणून गोड चित्र रंगवणार नाही.

आपल्याकडे पाऊस वर्षाला साधारण पाचशे ते सहाशे मिलिमीटर, आणि मार्च ते मे या काळात पारा चाळिशीच्या वर जातो. कुटुंबासह येणारा पाहुणा या तीन महिन्यांत माळावर थांबत नाही. चांगला हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच मिळतो, आणि त्यातही शनिवार-रविवार. पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूरला जाणारे लाखो लोक सोलापुरातून जातात, फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून वंदे भारतही थेट येते. पण देवदर्शनाला निघालेला माणूस वाट वाकडी करून पखुर्डी पाहायला येईल, असे गृहीत धरू नका. आमच्याकडे येणारे बहुतेक जण कोणाच्या तरी सांगण्यावरून आलेले असतात. पहिली दोन वर्षे आम्हाला खर्च निघाल्याचे समाधान होते, त्याहून जास्त काही नव्हते.

माझ्या मते तुमच्या कल्पनेत खरी आर्थिक ताकद आहे ती संशोधकाच्या मुक्कामात. पर्यटक दोन रात्री राहतो. विद्यापीठाचा विद्यार्थी माळाचा अभ्यास करायला आला तर तो दोन-चार महिने राहतो, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही राहतो, साधी स्वच्छ खोली, पंखा, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी एवढ्यावर त्याचे भागते, आणि जाताना पुढच्या वर्षीच्या मुलांना तुमचा पत्ता देतो. त्याच्या खोलीचे आणि जेवणाचे रीतसर पैसे घ्या, संकोच करू नका. हंगामातल्या पाहुण्यांना तोच विद्यार्थी संध्याकाळी तासभर आपले काम समजावून सांगेल, आणि त्या एका तासासाठी लोक पुन्हा येतील. दोन खोल्यांपासून सुरुवात करा. माळावर एकही बांधकाम करू नका, खोल्या बागायतीकडच्या घराला लागून बांधा.

परवानग्यांचे असे आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आहे आणि त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी होते. ती करून घ्या. तुमची जमीन अभयारण्याच्या किंवा त्याभोवतालच्या संवेदनक्षेत्राच्या हद्दीत येते का, हे गट क्रमांकासह वन विभागाकडून लेखी घ्या, तोंडी उत्तरावर अवलंबून राहू नका. मोजणी, निरीक्षण, गवताच्या नोंदी हे तुमच्या जमिनीवर करता येते. परंतु लांडगा, काळवीट आणि माळढोक हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांना पकडणे किंवा कॉलर लावणे यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची आणि केंद्र सरकारचीही पूर्वपरवानगी लागते. ते काम संस्थांचे आहे, तुमचे नाही. कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे) लावायचे झाले तर आधी वन विभागाला पत्र देऊन लावा, आणि ड्रोन पाहुण्यांना आणूच देऊ नका.

ब्रिस्बेनच्या दादांना कदाचित ठाऊक असेल, न्यू साउथ वेल्समध्ये शेतकऱ्याशी कायमचा करार करून त्याला दर वर्षी पैसे देणारी सरकारी व्यवस्था आहे, आणि जमीन विकली तरी करार जमिनीबरोबर जातो. आपल्याकडे कायद्यात त्याला थोडी जवळची तरतूद म्हणजे सामुदायिक राखीव क्षेत्र. खासगी किंवा सामूहिक जमिनीचे मालक स्वतःहून पुढे आले तर राज्य सरकार ते जाहीर करू शकते. मात्र एकदा अधिसूचना निघाली की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. नान्नजच्या काकांनी लोकांच्या नाराजीविषयी जे लिहिले ते लक्षात घेता, भावाची मनापासून संमती असल्याशिवाय या वाटेने जाऊ नका. आधी पाच वर्षे काम करून पाहा.

तुमच्या जवळचे उदाहरण हवे असेल तर पुणे वन विभागाने २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. दोघे भाऊ मिळून एकदा तिथे जाऊन या. गाड्या कुठल्या वाटेने जातात, गावातील मुले मार्गदर्शक म्हणून काय करतात, पैसा कोणाकडे जातो, हे स्वतः विचारा.

सौर कंपनीच्या भाड्याशी तुलना केली तर महिन्याच्या हिशोबात ते भाडे बहुधा जास्तच भरेल. हे भावाला लपवून सांगू नका. पण तो करार एकदा झाला की गवत गेले, आणि मुरमावरचे गवत पुन्हा उभे राहायला किती वर्षे लागतील हे कोणी लिहून देत नाही. घराला आजच पैशाची निकड आहे की नाही, यावर तुमचा निर्णय ठरेल.

ब्रिस्बेनहून_सोलापूरकर

मोहोळच्या ताईंनी सांगितलेला करार मी इथे जवळून पाहिला आहे आणि त्यांचे वर्णन बरोबर आहे. एक गोष्ट जोडतो. इथे करार होण्याच्या आधी जमिनीवर काय आहे याची नोंद होते. पाहुणे आल्यावर प्राणी कमी झाले की वाढले, हे आधीची नोंद नसेल तर कोणालाही सांगता येत नाही. तेव्हा दादा, एक पूर्ण वर्ष एकही पाहुणा न घेता फक्त मोजा.

आमची ३० झाडांची पद्धत तुम्हाला गवतासाठी वापरता येईल. १३ एकरांत ३० ठिकाणे ठरवा, निम्मी चराईच्या बाजूला आणि निम्मी राखीव बाजूला. प्रत्येक ठिकाणी दगडाला चुना लावून खूण करा. दर महिन्याच्या एका ठरलेल्या सकाळी तिथे एक मीटरचा चौकोन दोरीने आखून गवताची जात, उंची, उघड्या जमिनीचा अंदाज आणि काळविटाच्या लेंड्या आहेत की नाहीत एवढेच लिहा. लेंड्यांची संख्या मोजत बसू नका. आहेत किंवा नाहीत, एवढे पुरे. काळवीट एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्यामुळे अशी मोठी लेंडणी सापडली तर ती वेगळी टिपा, नाहीतर आकडे फसवे येतील.

माळावरचे_घर

काल संध्याकाळी भाऊ, मुलगी आणि मी तिघे माळावर गेलो. ३० पैकी २२ दगड लावून झाले, उरलेले उद्या लावू. भावाने कंपनीला एक वर्षानंतर या असे सांगितले आहे. होकारही दिलेला नाही आणि नकारही नाही, आणि तेवढे मला सध्या पुरेसे आहे. कडबनवाडीला आम्ही दोघे पुढच्या महिन्यात जाणार आहोत. खांडवाला, तुमचे खांड या वर्षी कोणत्या बाजूने उतरणार आहे ते कळवा. ओढ्याकडची सात एकरांची बाजू चराईसाठी ठेवली आहे, आणि पहिली मोजणी मेंढ्या येण्याच्या आधी व्हावी असा मुलीचा आग्रह आहे.

खांडवाला

काका, आम्ही कारंब्याच्या बाजूने येऊ, दिवाळीनंतर साधारण आठवड्याने. वडिलांना सांगितले आहे. खांडाबरोबर चार कुत्री आहेत. त्यांना लस टोचण्यासाठी मार्डीला कोणत्या दिवशी आणायचे तेवढे ठरवून सांगा.